मागीलदार आणि माजघर

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या खळ्यात दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पुतण्याचे दोन मित्र गोव्याहून परतताना मालवणात दोन रात्री थांबणार होते. किनाऱ्यावरच्या वाळूत गाड्या रुततील या भीतीने त्यांनी त्या आमच्याकडे आणून लावल्या. दोन्ही पोर्शे. एक ९११, करडी. दुसरी केमन, पिवळी. दोन्हींची वयं पंधराच्या पुढे गेलेली, पण दोघींनाही ती शोभत होती. घरच्या मंडळींना काळजी सारवलेल्या खळ्याची. माझी गोष्ट वेगळी. या गाड्या मी तीस-पस्तीस वर्षं फक्त मासिकांतल्या फोटोंत पाहत आलो होतो आणि आता त्या तुळशीवृंदावनाशेजारी उभ्या होत्या.

पहिला शेरा मात्र माझा नव्हे. शेजारचा रिक्षावाला सवारी सोडून परतत होता, तो रिक्षा बंद करून आत आला. ९११च्या मालकाने बॅगा काढायला पुढचं झाकण उघडलं होतं. याने आत डोकावून पाहिलं, मग मागे जाऊन वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काकानू, ह्येच्या पुढ्यात इंजिन नाय, पाठी आसा. म्हणजे आमच्या रिक्षाचीच भावकी मां?"

त्याने विनोद केला होता, पण बोलला ते अक्षरशः खरं. बजाज ऑटोने १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा आणली. त्याआधीच्या रिक्षांचं इंजिन चालकाच्या सीटखाली असे. पुढे 'आरई' हे नाव रूढ झालं, ते 'रिअर इंजिन' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून. म्हणजे ज्या गुणासाठी ९११च्या भक्तांनी पुस्तकं लिहिली, तो गुण आमच्या नाक्यावरच्या रिक्षाने नावातच मिरवला आणि त्याचं कोणाला कौतुक नाही. बाजारातून भरडावर चढताना तीन माणसं, दोन पिशव्या आणि एक फणस घेतलेली रिक्षा चढते, कारण ओढणाऱ्या चाकांवरच सगळा भार असतो. त्याच वेळी पुढचं एकुलतं चाक किती हलकं झालेलं असतं, हे हँडल धरणाऱ्यालाच कळतं. ९११चं निम्मं शास्त्र एवढ्यात आलं.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. मुलांकडून कवितांची रसग्रहणं लिहून घेतली, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं अशी, तीन खणांच्या डब्यात भरल्यासारखी. कवितेला हा डबा कधी नीट पुरला नाही, पण गुण देताना सोयीचा होता. गाडीला तो मुळीच चालत नाही. गाडीच्या अंगावरची एखादी रेघ सुंदर का, असं विचारलं की उत्तर पत्र्याखाली सापडतं. आणि वळणावर ती अशी का वागली, असं विचारलं की तेच उत्तर पुन्हा मिळतं. इंजिन कुठे ठेवलं, या एका गोष्टीने रूपही ठरतं आणि चालही.

आमच्याकडचं जुनं घर आठवावं. खळा, मग ओटी, मग माजघर आणि शेवटी मागीलदार. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचं इंजिन ओटीवर बसलेलं असतं. आल्यागेल्याला आधी तेच भेटतं. ९११चं इंजिन मागीलदारी आहे, मागच्या आसाच्याही मागे, जणू घराबाहेर काढलेली न्हाणी. केमनचं माजघरात आहे, माणसांच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे, घराच्या मधोमध. गंमत अशी की या पिढीच्या दोन्ही गाड्यांची इंजिनं एकाच कुळातली आहेत. सहा सिलिंडर, तीन डावीकडे आडवे, तीन उजवीकडे. इंजिन आणि गिअरबॉक्स ही जोडी एका गाडीतून दुसरीत नेताना जवळजवळ उलटी फिरवून ठेवली आहे. शब्द तेच, अन्वय वेगळा. अन्वय बदलला की ओळीचा जोर कुठे पडतो ते बदलतं, हे मुलांना समजावताना माझा घसा सुकायचा. तेव्हा या दोन गाड्या वर्गात आणता आल्या असत्या तर!

आधी ९११. तिच्याकडे बाजूने बघावं, समोरून नव्हे. पुढच्या काचेच्या माथ्यापासून निघालेली छताची रेघ कुठेही न थबकता मागच्या बंपरपर्यंत उतरते. दुसऱ्या गाड्यांत छत संपतं, मग काच लागते, मग डिकी. तीन वाक्यं होतात. इथे एकच वाक्य आहे आणि पूर्णविराम जमिनीजवळ. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतात, काही पालथ्या घालतात, झापांनी शाकारतात. मासेमारीबंदीचे जून-जुलै त्या तशाच पडून असतात. पालथ्या होडीच्या पाठीला जी कमान असते, फळ्यांनी पाण्याशी बोलून ठरवलेली, तीच ९११च्या पाठीला आहे. फेर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी हा आकार काढला आणि १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात तो लोकांसमोर आला. तेव्हा गाडीचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये आमचा हक्क, असं प्यूजोने कळवलं आणि शून्याचा एक झाला.

आता मागे या. मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद, त्यांच्यावरचा पत्रा भरलेला. पुढचा भाग त्या मानाने सडपातळ, कारण तिथे बॅगा आणि पेट्रोलची टाकी यांच्याशिवाय फारसं काही राहत नाही. त्यामुळेच बॉनेट दिव्यांच्या मडगार्डांपेक्षा खाली उतरू शकलं. आत बसल्यावर समोर दोन उंचवटे दिसतात, डावा आणि उजवा, बैलगाडीत बसल्यावर दोन वशिंडं दिसावीत तसे. या उंचवट्यांचा चालवणाऱ्याला उपयोगही होतो. चाक कुठे आहे ते डोळ्यांना कळतं. मूळच्या ९११ला समोर जाळी नव्हती. इंजिन हवेने थंड होणारं आणि तेही मागे, तर नाकपुड्या हव्यात कशाला? १९९७च्या सुमारास इंजिन पाण्याने थंड व्हायला लागलं, तेव्हा नाकपुड्या आल्या. मला त्या अजूनही उपऱ्या वाटतात.

केमनला बाजूने पाहिलं की डोळा मागे ओघळत नाही, मधे थांबतो. दाराच्या मागे, चाकाच्या पुढे तिला एक फट आहे. इंजिन तिथून श्वास घेतं. मालवणात वाढलेल्या माणसाला ही फट ओळखायला वेळ लागत नाही. तो कल्लाच आहे. बाजारात सुरमई घेताना आम्ही आधी कल्ला उचलून पाहतो. आत लाल आहे का, जिवंत आहे का? मधे इंजिन असलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला हे कल्ले असतात आणि तिचं सगळं रूप त्यांच्याभोवती जुळतं. माणसं थोडी पुढे सरकतात, काच पुढे येते, नाक आखूड होतं आणि शरीराचा सर्वांत भरीव भाग मध्याच्या किंचित मागे पडतो. सुरमईसारखाच.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट. केमनला पुढे डिकी आहे, मागेही आहे. दोन्ही उघडून पाहिल्या तरी इंजिन दिसत नाही. तेल आणि पाणी ओतायची तोंडं मागच्या डिकीत आहेत, तेवढीच. बाकी बहुतेक काम गाडी वर उचलून खालून करायचं. रिक्षावाल्याला हे अजिबात आवडलं नाही. जे दिसत नाही ते दुरुस्त कसं करायचं, हा त्याचा सवाल. मला मात्र आजीचं माजघर आठवलं. तिथे काय चाललंय ते ओटीवरच्या पाहुण्याला फक्त भांड्यांच्या आवाजावरून कळायचं.

संध्याकाळी दोघांनी मला फिरवून आणलं. मी स्टिअरिंगला हात लावला नाही. माझं वय आणि त्यांचे हप्ते या दोन्हींचा मान राखून बाजूला बसलो. मालवणहून चौके आणि तिथून धामापूरच्या तळ्यापर्यंत. रस्ता मोठा नाही, पण कोकणातला आहे. म्हणजे सरळ कमी, वळणं जास्त, आणि प्रत्येक वळणापलीकडे म्हैस, एसटी किंवा कुणाचा तरी सासरा.

९११ निघाली तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती कानाला. आवाज पाठीमागून येतो आणि पाठीमागेच राहतो. गाडी आपल्याला ओढत नाही, ढकलते. वेग वाढवला की मागचा भाग बसतो आणि नाक किंचित उचललं जातं. ही हालचाल मी हजारदा पाहिली आहे. किल्ल्याकडे जाणाऱ्या लहान होडीला पाठीमागे मशीन टांगलेलं असतं. दोरी ओढली, मशीन पेटलं, वेग दिला की होडीची पाठ पाण्यात बसते आणि नाळ वर येते. मग तांडेल एखाद्याला सांगतो, जरा पुढे सरकून बस. त्याला वजनाचं गणित शिकवलेलं नसतं. तोल त्याच्या पायांना कळतो.

वळणं लागली तशी ही गाडी चालवणं म्हणजे एक शिस्त आहे, हे लक्षात आलं. चालवणारा वळण यायच्या आधी, रस्ता सरळ असतानाच ब्रेक लावायचा. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, एरवी हलक्या असलेल्या पुढच्या चाकांना जमीन भेटते. तेवढ्यात तो नाक वळवायचा. आणि मग, मला वाटत होतं त्याच्या कितीतरी आधी, हलकेच पेट्रोल द्यायचा. गाडी मागच्या दोन चाकांवर बसायची आणि वळणातून अशी बाहेर यायची की जणू कुणी पाठीवर हात ठेवून पुढे सारलं.

उलट केलं तर काय होतं, ते त्याने नुसतं सांगितलं, करून दाखवलं नाही. भरवेगात वळणाच्या मध्यावर घाबरून पाय काढला तर वजन एकदम पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि सर्वांत टोकाला टांगलेलं ते जड इंजिन आपल्याच ओढीने बाहेरच्या बाजूला निघतं. शेपूट डोक्याच्या पुढे जायला बघते. एकाच टोकाला घागर बांधलेली कावड घेऊन पाणंदीत वळून पाहावं. सुरुवातीला कावड वळत नाही आणि एकदा वळायला लागली की थांबत नाही. १९७५च्या ९११ टर्बोला तर इंग्रजी मुलखात 'विधवा करणारी' असंच टोपणनाव पडलं. टर्बोची ताकद पाय दाबल्यावर लगेच येत नसे. थोडी थांबून, बरोबर वळणाच्या मध्यावर, एकदम यायची. आमच्या खळ्यातल्या गाडीत असल्या प्रसंगी हात धरायला इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. तरी ब्रेक-वळण-पेट्रोल हा क्रम मोडायचा नाही, असं तो मला बजावत होता. मीच चालवत असल्यासारखं.

इथे या गाडीच्या जन्मकथेतला माझा सर्वांत आवडता तपशील सांगायलाच हवा. पूर्वी गलबत रिकामं निघायचं असलं तर तळाला दगड-वाळू भरत, तोल राहावा म्हणून. त्याला आपल्याकडे नीरम म्हणत. सुरुवातीच्या ९११चं नाक फार हलकं आहे, हे कळल्यावर या जगप्रसिद्ध कारखान्याने काय केलं? पुढच्या बंपरच्या दोन टोकांत बिडाची वजनं बसवली. नीरमच! जर्मन अभियंता आणि मालवणी तांडेल एकाच उपायाशी पोचले, याचा मला पहिल्यापासून अतोनात आनंद आहे. पुढे १९६९च्या मॉडेलसाठी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, म्हणजे इंजिन तेवढं कमी लटकू लागलं. आणि एका बॅटरीऐवजी दोन केल्या, पुढच्या दोन कोपऱ्यांत एकेक. बॅटरीसुद्धा कामाला लावली. १९७२च्या कॅरेरा आरएसला मागच्या झाकणावर बदकाची शेपटी दिली. वेगात मागचा भाग उचलला जात होता, तो वाऱ्याने दाबून धरावा म्हणून. ती शेपटी इतकी देखणी निघाली की गरज कुणाला आठवेनाशी झाली. साठ वर्षं एका चुकीवर संस्कार करत राहायचे आणि ती चूक मात्र काढायची नाही! याला हट्ट म्हणतात की निष्ठा, हे मी ठरवू शकलेलो नाही.

धामापूरच्या तळ्याशी जागा बदलून केमनमध्ये बसलो. उन्हं उतरली होती, भगवतीच्या देवळातली घंटा ऐकू येत होती, आणि परतीच्या पहिल्याच वळणावर माझी फजिती झाली. ९११मध्ये शिकलेल्या हालचालींची मी वाट पाहत होतो. आता नाक उचलेल, आता बसेल. काहीच झालं नाही. गाडी नुसती वळली. कमरेवर कळशी घेतलेली बाई दारात सहज वळते तशी. वजन शरीराला चिकटलेलं, वळण बेंबीभोवती. मी चालवणाऱ्याकडे पाहिलं. त्याचे हातही फार हलले नव्हते. खड्डा चुकवायला त्याने डावं-उजवं केलं तेव्हाही नाक आणि शेपूट एकाच क्षणी सरकली, मधे निरोप पोचवायला वेळ लागला नाही. आवाज इथे पाठीमागचा नव्हताच. तो मानेच्या आणि खांद्यांच्या मधे, दोन माणसांच्या बोलण्यात तिसऱ्याने बसावं तसा होता.

इंजिन माजघरातच सरस, हा निकाल वेगाच्या शर्यतींनी कधीच दिलेला आहे. १९३०च्या दशकातल्या ऑटो युनियनच्या शर्यती गाड्यांत इंजिन चालकाच्या मागे पण मागच्या आसाच्या पुढे होतं. त्यांचा आराखडाही फेर्डिनांड पोर्शे यांचाच, म्हणजे ९११ काढणाऱ्याच्या आजोबांचा. १९५९ साली जॅक ब्रॅबम इंजिन असंच पाठीमागे ठेवलेल्या चिमुकल्या कूपरमधून जगज्जेता झाला आणि ओटीवर इंजिन ठेवणाऱ्यांचे दिवस भरले. बैल गाडीच्या पुढेच जुंपायचे असतात, अशा अर्थाचं काहीतरी एन्झो फेरारी म्हणत असत, असं सांगतात. दोन-तीन वर्षांत त्यांनीही बैल मागे नेले. आणि खुद्द ९११? ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९९८ साली तिच्या नावाची जी गाडी जिंकली, तिचं इंजिन मधे होतं. २०१७च्या शर्यती ९११मध्येही ते मागीलदारातून उचलून माजघरात आणलं. घराण्याचं नाव राखायचं तर घराण्याची रीत मोडावी लागते, हे आपल्याकडच्या बऱ्याच वाड्यांनाही ठाऊक आहे.

मग केमनच श्रेष्ठ, असं लिहून मी मोकळा झालो असतो. तिच्या मर्यादा उंच आहेत, तिची वळणं स्वच्छ आहेत. फक्त सुटली तर ती फार पटकन सुटते. जे सहज वळतं ते सहज गरकनही फिरतं, आणि ९११सारखी आधी कुरकुर करत नाही. पण मला अडवलं ते एका जुन्या गोष्टीने. १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात पोर्शे नावाची पहिली गाडी झाली. तिच्यात इंजिन मागच्या आसाच्या पुढे होतं. म्हणजे माजघरातच. पहिला खर्डा अचूक होता! त्यानंतर विकायच्या गाड्या बनवायला घेतल्या तेव्हा तेच इंजिन आसाच्या मागे ढकललं. कारण साधं. सीटच्या मागे सामान ठेवायला, वेळ पडली तर पोरं बसवायला जागा हवी होती.

म्हणजे ९११च्या पाठीवरची ती कमान, ती कुप्रसिद्ध शेपूट, बंपरातलं नीरम, ब्रेक-वळण-पेट्रोलचा मंत्र, हे सगळं कुणाच्या तरी दोन पोरांसाठी आहे. माजघर माणसांना दिलं आणि यंत्राला मागीलदारी पाठवलं, त्याची ही किंमत. केमनने उलट सौदा केला. घरातली सर्वोत्तम जागा तिने इंजिनाला दिली आणि माणसं दोनच ठेवली, तीही जरा अंग चोरून. हे लक्षात आल्यावर दोन्ही गाड्या मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

मधल्या इंजिनाचं खरं वैभव पाहायचं तर १९६६ची लांबोर्गिनी मिउरा. मी ती फोटोतच पाहिली आहे, आणि पुढेही फोटोतच पाहणार. मार्चेल्लो गांदिनी नावाच्या, तेव्हा तिशीही न गाठलेल्या माणसाने बेर्तोने या कारखान्यासाठी तिचं रूप रेखलं. बारा सिलिंडरचं इंजिन सीटमागे आडवं टाकलेलं, दिव्यांभोवती पापण्या. रूप असं की इंजिनाने माजघरच नव्हे तर सगळं घर घेतलं तरी तक्रार करू नये. आणि तिच्यातही नाकाचा घोटाळा होताच. पेट्रोलची टाकी पुढे, त्यामुळे टाकी रिकामी होत गेली की पुढचा भाग हलका व्हायचा. नीरम जाळत चाललेलं गलबत.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. पुण्यातून दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने 'अवंती' काढली, २०१२च्या दिल्लीच्या प्रदर्शनात ती दाखवली. दोन सीट, मागे दोन लिटरचं टर्बो इंजिन, मागच्या चाकांच्या पुढे. तिच्याबद्दल मला कौतुक आहे आणि एक हरकत आहे. कौतुक धाडसाचं. हरकत तिच्या अंगावरच्या रेघांबद्दल. प्रत्येक रेघ लक्ष वेधते आणि दुसरीशी बोलत नाही. नवकवीच्या पहिल्या संग्रहात प्रत्येक ओळीला प्रतिमा असते तसं. २०१७ साली टाटांनी जिनिव्हात 'रेसमो' दाखवली, मधेच इंजिन असलेली, लहान आणि नेटकी. ती रस्त्यावर आलीच नाही, म्हणून तिच्या चालीबद्दल बोलता येत नाही.

पण मला विचाराल तर महाराष्ट्रात या विषयावर लिहिलं गेलेलं सर्वांत प्रामाणिक पान म्हणजे नॅनो. पुण्याच्या अभियंत्यांनी घडवलेली, १० जानेवारी २००८ला दिल्लीत लोकांपुढे आलेली, मागे ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन. लोकांनी तिची स्वस्ताई पाहिली, टायर पाहिले नाहीत. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद होते. ९११चे असतात तसेच, आणि त्याच कारणासाठी. नॅनोत इंजिन मागे नेलं तेही जागेसाठीच. बाहेरून एवढीशी, पण आत चार माणसांचे गुडघे सुखात. कारागिराने तिला स्पोर्ट्स कार म्हटलं नाही, पण कुळाचार तोच. रिक्षावाल्याच्या भावकीत तिचं नाव आधी घालायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा सात वर्षांचा नातू गाड्यांभोवती फिरत होता. केमनमध्ये त्याला बसवायला जागा नव्हती. आईच्या मांडीवर बसायचं त्याचं वय गेलं. ९११च्या मागच्या सीटवर, जिथे मोठ्या माणसाचा एक पायही धड मावत नाही, तिथे तो नेमका मावला. चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. उतरल्यावर गाडी कशी होती असं विचारलं, तर म्हणाला, "पाठीत गुदगुल्या होतात." इंजिन त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर चालू होतं. इतकं नेमकं रसग्रहण माझ्या वर्गात कुणी केलं नव्हतं.

निघायच्या वेळी दोघांना आंब्याचे खोके दिले, दोन-दोन डझनाचे. ९११वाल्याने खोका उचलून मागच्या सीटवर, नातू बसला होता तिथेच ठेवला आणि पट्टा लावायला लागला. मी म्हटलं, तिथे नको, पुढच्या डिकीत ठेव, नीरम होईल. त्याला शब्द कळला नाही, तो मी समजावला. तो हसला आणि खोका पुढे नेऊन ठेवला.

केमनवाला आपला खोका घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "काका, मी कुठे ठेवू?"

"ठेव रे कुठेही," रिक्षावाला गेटातून म्हणाला, "तिका काय फरक पडाचो नाय."